गार आणि गरम यांच्या मधला पॅसेज

आमच्या ऑफिसातली कॉम्प्युटरची खोली माणसांसाठी नाही, यंत्रांसाठी गार ठेवलेली असते. माणसं तिथे भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतात. गेल्या एप्रिलमध्ये एक नवी मुलगी कामाला लागली. बसस्टॉपवरून उन्हात चालत यायची, काचेचं दार ढकलून आत शिरायची आणि खुर्चीपर्यंत पोचायच्या आत तिला शिंका सुरू व्हायच्या. एक-दोन नाही, माळच लागायची. मग नाक गळायला लागायचं, मग डोळे. तोंडावर रुमाल धरून ती बाथरूममध्ये जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही.

"रडते का गं ती?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तिला हवा बदललेली कळते."

मी ऑफिसात फारसं बोलत नाही. त्या दिवशी मात्र उठले आणि तिच्या मागे गेले. तिला जे सांगितलं ते अर्धंच. उरलेलं इथे लिहिते आहे. तिच्यासाठी, आणि ज्यांच्या आजाराला घरचेसुद्धा 'नुसती सर्दी' म्हणतात, त्यांच्यासाठी.

भिंतीपलीकडचं घड्याळ

मी प्राथमिक शाळेत असताना बाबांना सिल्वासात नोकरी लागली आणि आम्ही नाशिकहून तिकडे गेलो. तेव्हा तिथे नवे नवे कारखाने उभे राहत होते. बाबांचा कारखाना राखोलीच्या रस्त्याला होता, धाग्याचा. आम्ही राहायचो सामरवरणीत, कंपनीने भाड्याने घेतलेल्या जोडघरांच्या रांगेत. पुढे अंगण, मग जाळीचा व्हरांडा, मग घर. मागे शेत, शेतापलीकडे झाडी, आणि झाडीपलीकडे कुठेतरी दमणगंगा. नदी आम्हाला दिसत नसे. पण थंडीत तिच्यावरचं धुकं शेतातून सरकत घरापर्यंत यायचं आणि माझ्या आधी माझ्या नाकाला ते कळायचं.

पांघरुणातून पाय जमिनीवर टेकला की सुरू. आधी टाळूला खाज, कानाच्या आत खाज, मग शिंका. त्या थांबेपर्यंत दुसरं काही करता येत नसे. दात घासता येत नसत, 'हो' म्हणता येत नसे. ऊन अंगणात आलं की आपोआप थांबायच्या. संध्याकाळी ऊन गेलं की नाक बंद व्हायचं. रात्रभर तोंड उघडं टाकून झोपायचं आणि सकाळी कोरड्या घशाने उठायचं. उन्हाळ्यात थोडी सुटका, पण तेव्हाही उन्हातून आल्या आल्या माठातलं पाणी प्यायले की तेच.

आमच्या भिंतीपलीकडे सुमनमावशी राहायच्या, शिरपूरकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्यांचे यजमान भास्करकाका बाबांच्याच कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. मावशी आईला म्हणायच्या, "ताई, तुमनी रेवती शिंकनी का मी चहा मांडस. घड्याळनी गरजच नही."

काकांची अडचण वेगळी होती. घरातून बाहेर पडताना कोणी शिंकलं तर लगेच निघायचं नाही, परत बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं, अशी त्यांच्या घरची शिस्त. पहिल्या शिफ्टला निघायची त्यांची वेळ आणि माझी उठायची वेळ एकच. काका चपला घालत, मी शिंकत असे. काका चपला काढून बसत, पाणी पीत, उठत, मी पुन्हा.

"वहिनी," ते एकदा अंगणातूनच आईला म्हणाले, "काल गेटवर वॉचमन विचारत होता, साहेब, लेट का? मी म्हटलं, काय करू भाऊ, भिंतीपलीकडून परवानगीच येत नाही!"

सगळे हसले. मीही हसले असेन. पण दुसऱ्या दिवसापासून मी उशीत तोंड खुपसून शिंकायला लागले.

ब्लेस यू

शाळा इंग्रजी माध्यमाची होती. सकाळच्या प्रार्थनेला सगळी शाळा मैदानात उभी राहायची. थंडीच्या दिवसांत गवत ओलं असायचं. प्रार्थना संपल्यावर एक क्षण शांतता पाळायची असे आणि माझी शिंक नेमकी तोच क्षण निवडायची. मग मागून कोणीतरी हळूच म्हणे, "ब्लेस यू." दुसऱ्या शिंकेला चार-पाच जण. तिसऱ्या शिंकेला अख्खी रांग, सुरात. आमच्या केरळच्या टीचरसुद्धा ओठ दाबून हसायच्या.

मी मुळातच कमी बोलणारी. वर्गात हात वर करायच्या आधी मनात वाक्य दोनदा म्हणून बघणारी. आता शिंकेच्या भीतीने हात वर करणंच सोडलं. नाक चोंदलेलं असलं की 'म'चा 'ब' होतो, 'न'चा 'द' होतो. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो. अशा आवाजात बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं मी ठरवून टाकलं. लोक समजायचे, मुलगी शांत आहे. ते खरंच होतं. पण त्यातली निम्मी शांतता नाकाची होती.

वापीचे डॉक्टर

मी आठवीत असताना हिवाळ्याच्या शेवटी आई मला वापीला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तोपर्यंत हळद-दूध, ओवा, निलगिरी, तुळशीचा काढा, लसणाची माळ, सगळं झालं होतं. आईच्या मनात एकच भीती होती. तिच्या वडिलांना दमा होता. त्यांची छाती वाजायची तो आवाज ऐकत ती मोठी झाली होती. माझ्या छातीला ती अधूनमधून कान लावायची आणि 'कुठे काय, सहज' म्हणायची.

डॉक्टर वयस्कर होते, गुजराती. कपाळावर गोल आरसा बांधून त्यांनी नाकात पाहिलं. मग आईला विचारलं, "सवारे उठे एटले छींक? बाहर से अंदर आए तो भी? अंदर से बाहर जाए तो भी?"

आई प्रत्येक प्रश्नाला मान हलवत गेली.

"बेन, आ सर्दी नथी. ॲलर्जी छे." मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "बेटा, तेरी नाक को धूल से झगड़ा है. रजाई की धूल, पुरानी किताब की धूल. झगड़े में अंदर सूजन रहती है. सूजी हुई नाक को एकदम ठंडा, एकदम गरम सहन नहीं होता. धूल एक बार झगड़ा करती है, मौसम रोज़ करता है."

मला रडू आलं. घाबरून नाही, बरं वाटून. इतकी वर्षं मी आंघोळ करून केस नीट पुसत नाही, अनवाणी फिरते, दही खाते, म्हणून शिंकते, असं घरीदारी ऐकत होते. आज एका माणसाने आरशातून आत डोकावून सांगितलं होतं की यात माझा दोष नाही.

आईने तिचा प्रश्न विचारला. "दमा होईल का?"

"होगा ही, ऐसा नहीं. संभालना पड़ेगा."

त्यांनी गोळ्या दिल्या, नाकात मारायचा फवारा दिला. पांघरुणं उन्हात टाका म्हणाले, एकदम गारातून गरमात नेऊ नका म्हणाले. आई सगळं ऐकत होती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. अथालचा पूल आला तेव्हा म्हणाली, "म्हणजे हवा."

"धूळ म्हणाले ते," मी म्हटलं.

"धूळ सगळीकडे असते. हवा इथली आहे."

बाबांचं डिपार्टमेंट

त्या वाक्यावरून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. आवाज कधी चढले नाहीत. फक्त आई म्हणायची, "नाशिकची हवा कोरडी आहे," आणि बाबा म्हणायचे, "बघू." मग आम्ही जेवायला बसायचो. माझं नाक वाहत असे आणि ओढायची मला भीती वाटे, कारण तो आवाज त्या वादात आईच्या बाजूने साक्ष दिल्यासारखा वाटायचा.

बाबांना सिल्वासा सोडणं शक्य नव्हतं. त्यांचं काम फार वेगळं होतं आणि त्यांना ते फार आवडायचं. धागा जिथे यंत्रावर चढतो त्या डिपार्टमेंटची हवा सांभाळणं हे त्यांचं काम. बाहेर ऊन असो, धुकं असो, पाऊस असो, आत बारा महिने तोच गारवा, तीच दमट हवा. ती जरा हलली की धागा तुटायचा. बाबांच्या शर्टाला धाग्याच्या तेलाचा एक गोडसर वास यायचा. इतर मुलींच्या बाबांना घामाचा वास येतो आणि माझ्या बाबांना धाग्याचा, याचा मला गर्व होता.

एके रविवारी बाबा कंपनीच्या लॅबमधून काढून टाकलेला जुना एसी घेऊन आले. दुरुस्त करून माझ्या खोलीच्या खिडकीत बसवला. दाराच्या फटींना जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या लावल्या. भिंतीवर पाऱ्याच्या दोन नळ्यांचं यंत्र टांगलं. एका नळीच्या टोकाला ओली वात असायची. दोन्हींतला फरक बघून हवेतला ओलावा कळायचा. रोज सकाळी बाबा माझ्या आधी त्या यंत्राला बघायचे.

"आता बघ," ते आईला म्हणाले, "हिच्यासाठी हवाच बदलणार नाही. मग नाक कशाला बिघडेल?"

आख्खी रांग तो एसी बघायला आली. सुमनमावशी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "अरे देवा! पोरगीसाठी घरात फॅक्टरी काढनी साहेबांनी!"

खोलीत मला खरंच बरं वाटायचं. शिंका नाहीत, खाज नाही. पण खोलीत राहून किती राहणार? शाळेला निघताना दार उघडलं की बाहेरची गरम, ओली हवा तोंडावर यायची आणि जे व्हायचं ते आधीपेक्षा वाईट. पूर्वी शिंका ऊन आलं की थांबायच्या, आता दारातून बाहेर पडताना आणि दारातून आत येताना, दोन्ही वेळा. पावसाळा संपता संपता मला कशाचाच वास येईनासा झाला. आधी फोडणीचा, मग साबणाचा, मग बाबांच्या शर्टाचा. कपाळ ठणकायला लागलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात ताप आला, कान दुखायला लागला, आणि मला वापीच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं.

वाफ

नर्सिंग होमचा दिवस वाफेने सुरू व्हायचा आणि वाफेने संपायचा. सिस्टर पातेलं आणायची, डोक्यावरून चादर टाकायची आणि म्हणायची, "मुँह बंद, नाक से खींचो." नाकाने ओढता आलं असतं तर मी तिथे कशाला आले असते, असं मला दर वेळी म्हणावंसं वाटायचं. मधल्या वेळात इंजेक्शन, गोळ्या, साबुदाण्याची खीर. गोळ्यांनी इतकी झोप यायची की दिवस कुठून कुठे जातो कळायचं नाही. त्या झोपेत एक फायदा होता. लोक तुमच्यासमोर बोलतात.

एका दुपारी बाबा आले होते. मी डोळे मिटून पडले होते.

"मी हिला घेऊन नाशिकला जाते," आई म्हणाली. "दिवाळीला जाते ती परत येणार नाही. दादाने तिथल्या शाळेत बोलून ठेवलंय."

"आणि मी?"

"तुम्हाला तुमचं डिपार्टमेंट आहे."

पंख्याचा आवाज येत होता. मग बाबांनी माझ्या पायावरची चादर सारखी केली आणि ते गेले. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि माझ्याकडे तेव्हा 'म'सुद्धा धड नव्हता.

मला काय हवं होतं ते मला नक्की माहीत होतं. मला ते घर हवं होतं. जाळीचा व्हरांडा, भिंतीपलीकडचा स्टोव्हचा आवाज, शिफ्टचा भोंगा. आम्ही तिघं एका घरात असायला हवे होते. आणि ते घर मोडत होतं माझ्या नाकामुळे.

दुसऱ्या दिवशी सुमनमावशी आल्या. सिस्टरची नजर चुकवून त्यांनी पदराखालून डबा काढला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा.

"खाय. डोळामां पानी आनस तेच औषध."

घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, कान गरम झाले, आणि मग नाकात कुठेतरी खोल एक दार किलकिलं झालं. मला लसणाचा वास आला. कित्येक आठवड्यांनी आलेला पहिला वास. मी मावशींचा हात धरला आणि सोडलाच नाही. त्यांना वाटलं, तिखट लागलं.

नाशिकची हवा

दिवाळीला आम्ही नाशिकला मामाकडे गेलो. आईने या वेळी बरेच कपडे घेतले होते. बाबा स्टँडवर सोडायला आले तेव्हा कंडक्टरने बॅगा बघून विचारलं, "घर बदलताय का?" बाबांनी त्या टपावर चढवायला घेतल्या.

मामाच्या घराची वरची गच्ची दिवसभर तापायची आणि खालच्या शहाबादी फरशीच्या खोल्या मात्र गार. नाशिकची थंडी कोरडी, हे खरं होतं. पण ती सकाळी कडक असे, दुपारी उन्हाचा चटका बसे, आणि सूर्य मावळला की पुन्हा एकदम गारठा. मामीने प्रेमाने माळ्यावरची जाड रजई काढून दिली. वर्षभराची धूळ तिच्यात होती.

पहिल्याच सकाळी मी उठले ती शिंकतच. सिल्वासात असं कधी झालं नव्हतं. श्वास घ्यायला उसंत नाही. मामा पेपर वाचत होता. म्हणाला, "अरे वा, फटाके आणायची गरजच नाही!"

"दादा, गप," आई म्हणाली.

"प्रवासाचा शीण असेल," मामी म्हणाली.

पुढच्या सकाळी मामी काही बोलली नाही. त्याच्या पुढच्या सकाळी मामाही थट्टा करेनासा झाला. आई माझ्या पाठीवर हात ठेवून बसायची. शिंका थांबल्या की हात काढायची. तिच्या चेहऱ्याकडे मी बघत नसे. तिचा इतक्या वर्षांचा विश्वास माझ्या नाकातून वाहून चालला होता.

पाडव्याला बाबा आले. मी गच्चीवर उन्हात बसले होते. हाक आली तशी जिन्यावरून धावत खाली आले. शेवटच्या पायरीवरून गार फरशीवर पाय पडला आणि मी दाराची चौकट धरून शिंकायला लागले.

बाबा बॅग हातात घेऊनच उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले, मग जिन्याकडे, मग फरशीकडे. मला वाटलं, आता आईला म्हणतील, बघ तुझं नाशिक. ते म्हणाले, "रेवू, मागे जा. दोन पायऱ्या वर चढ. तिथेच थांब."

मी थांबले. जिन्याच्या मध्यावर ना ऊन होतं, ना गारवा. थोड्या वेळाने शिंका विरळ झाल्या. बाबांनी एक पायरी खाली यायला सांगितलं. मग आणखी थोड्या वेळाने दुसरी. फरशीवर आले तेव्हा नाक गळत होतं, पण शिंक आली नाही.

बाबांनी बॅग खाली ठेवली. "मी मूर्ख आहे," ते आईला म्हणाले.

"काय झालं?"

"अगं, बाहेरून ट्रकने धागा येतो तो आम्ही लगेच यंत्रावर लावतो का? नाही लावत. लावला की तुटतो. आधी पॅसेजमध्ये ठेवतो. धग उतरते, आतली हवा त्याच्या अंगी लागते, मग आत नेतो. रोज करतो मी हे. आणि घरी काय केलं? खोली सांभाळत बसलो. हिच्यासाठी डिपार्टमेंट बांधलं. ही डिपार्टमेंट नाही, ही सूत आहे!"

"ती माझी मुलगी आहे," आई म्हणाली.

मामी फस्सकन हसली. मग मामा. मग, कितीतरी दिवसांनी, आई.

निमित्त

त्या संध्याकाळी आई आणि बाबा गच्चीवर बोलत होते. मी जिन्याच्या माझ्या पायरीवर बसले होते, बाबांनी सांगितल्याप्रमाणे वर जायच्या आधी थांबून. त्यांना माहीत होतं की मी तिथे आहे. तरी ते बोलले.

बाबा म्हणाले, "तुला इथे राहायचं असेल तर राहा. पण हवेसाठी राहू नकोस. हवा इथे जास्त उलटसुलट आहे, तू बघतेस."

आई म्हणाली, "मला तिथे करमत नाही हो. तुम्ही सकाळी जाता, ही शाळेत जाते. मग मी त्या जाळीतून रस्त्याकडे बघत बसते. सुमनताई बोलतात ते अर्धं मला कळत नाही, मी बोलते ते त्यांना पुस्तकी वाटतं. दिवसदिवस माझा आवाज मी ऐकत नाही."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"हे कारण सांगून कोणी घर सोडतं का? मुलीचं नाक सांगता येतं."

मी पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. आईवर राग यायला हवा होता, असं पुढे कधीतरी वाटलं. तेव्हा आला नाही. तेव्हा एवढंच कळलं की आमच्या घरात आवाज बंद झालेली मी एकटी नव्हते.

भाऊबीजेच्या ओवाळणीनंतर आईने ताम्हन बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "दादा, उद्या आम्ही घरी निघतो."

"शाळेत बोलून ठेवलंय मी. आणि घरी म्हणजे काय गं? हे घर नाही का?"

"हे माहेर आहे," आई म्हणाली.

जाळीचा व्हरांडा

परत आल्यावर बाबांनी एसी काढला आणि खिडकी उघडली. पाऱ्याचं यंत्र मात्र व्हरांड्यात नेऊन टांगलं. त्या दिवसापासून व्हरांड्याचं नाव पडलं 'पॅसेज'. तिथे एक बाकडं आलं, खुंटीवर माझी शाल आली, थर्मासमध्ये कोमट पाणी आलं. नियम साधा होता. बाहेरून आत येताना पॅसेजमध्ये थांबायचं, आतून बाहेर जाताना पॅसेजमध्ये थांबायचं. सकाळी पांघरुणातून एकदम उठायचं नाही. आधी शाल, मोजे, चेहऱ्यावर कोमट हात, मग पॅसेज. पांघरुणं दर रविवारी उन्हात. फवारा रोज, बरं वाटत असलं तरी रोज. यातलं बरंचसं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आई त्यातलं 'हवा' ऐकून आली होती आणि तिच्याकडून बाबांनी 'एकदम' हा शब्द सोडून बाकीचं ऐकलं होतं.

मी एकटी बाकड्यावर बसून काय करणार, म्हणून आई चहा घेऊन माझ्याशेजारी बसायला लागली. जाळीपलीकडून सुमनमावशी विचारायच्या, "काय वं ताई, दोन्ही मायलेकी कोणानी वाट पाहतीस?" आई म्हणायची, "नाक गरम व्हायची." मग मावशीही कप घेऊन येऊन बसायला लागल्या. त्यांची अर्धी भाषा आईला कळायची नाही ती मी सांगायची, आईची अर्धी मावशींना कळायची नाही तीही मी सांगायची. शाळेत हात वर न करणारी मुलगी सकाळी सकाळी दोन बायकांची दुभाषी झाली. पुढे रांगेच्या टोकाच्या घरातल्या एक गुजराती काकीही येऊ लागल्या. भास्करकाका शिफ्टला निघताना पॅसेजकडे बघून ओरडायचे, "काय रेवती, आज परवानगी आहे ना?" आणि मी म्हणायची, "आहे ना काका, जा!" माझ्या आवाजातला 'न' तेव्हा स्वच्छ असायचा.

आजार गेला नाही. दहावीच्या परीक्षेत गोळीच्या झोपेने गणिताचं शेवटचं पान राहिलं. दर हिवाळ्यात काही दिवस वाईट जायचे, अजून जातात. आईची दम्याची भीती कधी पूर्ण गेली नाही, पण कान छातीला लावणं थांबलं. आणि एका सकाळी बाबा शिफ्टवरून आले, पॅसेजमध्ये माझ्याशेजारी बसले, आणि मला धाग्याच्या तेलाचा तो गोडसर वास आला. मी थोडी सरकून जवळ बसले.

नव्वदनंतर काही वर्षांनी बाबांनी पुण्यात नोकरी घेतली आणि आम्ही सिल्वासा सोडलं. निघताना आई जाळी धरून रडली. सुमनमावशी म्हणाल्या, "आते कोणानी शिंकावर चहा मांडू मी?"

काचेच्या दाराबाहेर

ऑफिसातल्या त्या मुलीला मी बाथरूममधून बाहेर आणलं. आमच्या काचेच्या दारापुढे एक अरुंद जागा आहे, जिना आणि खोली यांच्या मधली. तिथे ऊन येत नाही आणि आतली गार हवाही फारशी येत नाही. मी तिला भिंतीशी उभं केलं. रुमालावर कोमट पाणी घेऊन दिलं, नाकावर धरायला सांगितलं. डॉक्टरांकडे जा म्हटलं, कुठल्या प्रकारच्या डॉक्टरांकडे तेही सांगितलं.

"रोज आत जायच्या आधी इथे थांबायचं," मी म्हटलं. "नाकाला कळू द्यायचं, आपण कुठे चाललोय ते."

ती ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. "बॅडम, पण इथे उभं राहून करायचं काय?"

तो 'ब' मी ओळखला. मी घड्याळाकडे बघितलं नाही. जिन्याच्या पायरीवर बसले आणि तिला शेजारी जागा करून दिली.

"बोलायचं," मी म्हटलं. "बस. तुझं गाव कुठलं?"